भरलेली वाटी

आमच्या घरी पाखरू आलं ते खुंटीला टांगलेल्या एका पिशवीमुळे.

पिशवी मायची. अर्जुनी मोरगावच्या पुढे आमचं खेडं आहे. बाबा गेल्यावर माय तिथे वर्षभर एकटीच राहिली, आणि यंदा पावसाळ्यात बोअरिंगच्या ओट्यावर पाय घसरून मनगट मोडून बसली. प्लास्टर घातल्या घातल्या मी तिला काही न विचारता गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या घरी घेऊन आलो. येताना तिने एका कापडी पिशवीत चार लुगडी, बुद्धाची छोटी तसबीर आणि फडक्यात बांधलेलं घरचं धान घेतलं. तसबीर तेवढी कपाटावर ठेवली. बाकीची पिशवी काही रिकामी झाली नाही. तिच्या खोलीच्या दाराशी एक खुंटी आहे, तिला ती टांगली. लागेल ते लुगडं त्यातून काढायचं, धुऊन वाळलं की घडी करून पुन्हा त्यातच घालायचं. कपाटात दोन कप्पे तिच्यासाठी मोकळे करून दिले होते, ते मोकळेच राहिले.

दर रविवारी ती विचारायची, गावाकडे जाणारी बल्लारशाची गाडी अजून त्याच टायमाला सुटते का. मी म्हणायचो, वेळ बदलली म्हणतात, बघून सांगतो. महिनाभर मी बघूनच सांगत होतो.

माझं म्हणणं साधं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने खेड्यात एकटीने कशाला राहायचं? इथे गॅस आहे, नळ आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. तिने आता इथेच राहावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ती कधीही निघून जाईल अशी धास्तीही वाटत होती. तिचं म्हणणं तिने कधी बोलून दाखवलं नाही. खुंटीकडे पाहिलं की कळायचं.

माझं गोंदियाच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे. बायको एका दवाखान्यात कामाला जाते. सकाळी नऊला दोघंही बाहेर पडतो ते संध्याकाळीच परततो. मायला टीव्ही लावून दिला तर ती आवाज बंद करून बघायची. म्हणायची, हे लोक नुसते भांडून राहिले. शेजारीण हिंदी बोलणारी. चार वाक्यांत मायची हिंदी संपायची, उरलेलं दोघी हसून भागवायच्या. तेव्हा बायकोनेच सुचवलं की आईंना सोबत म्हणून एखादं लहानसं पाखरू आणू. घरात किलबिल राहील, त्यांचा जीव रमेल.

मला कल्पना एकदम पसंत पडली. पण ‘तुझ्यासाठी आणतो’ म्हटलं तर माय नको म्हणणार, हे पक्कं. म्हणून मी सांगितलं की मलाच लहानपणापासून पाखराची हौस आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घराण्याला सवयच आहे, आणि भांडं कुठे लपवलंय ते मायला नेहमी दिसतं. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, पन्नाशीत बरी उगवली हौस.

तरी रविवारी ती आमच्याबरोबर आली. तिच्या डोक्यात पाखरू म्हणजे मिठू. गावी आमच्या छपरीत एक मिठू असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला “कोन होय?” म्हणून विचारायचा. कुत्र्यापेक्षा त्याचाच धाक जास्त होता. मी तिला समजावलं की आपल्याकडचे पोपट पाळायला आता कायद्याने मनाई आहे, वनखात्याचे लोक येऊन घेऊन जातात. पाळायचे ते परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेले. मायला कायदा पटला. फक्त, मग बोलणार कोण, एवढंच तिने विचारलं.

पाखरांचं दुकान म्हणजे एक बोळकांडी होती. दोन्ही बाजूंना भिंतभर पिंजरे, आणि एवढा कलकलाट की दुकानदाराला ओरडूनच बोलावं लागायचं. सवयीने तो बाहेर रस्त्यावरही ओरडूनच बोलत असावा. आमची तिघांची तोंडं तीन दिशांना. बायकोला पांढऱ्याशुभ्र फिंचची जोडी आवडली, कारण ती पडद्यांना शोभली असती. मला बोलणारं हवं होतं. मी ज्या पाखराकडे बोट दाखवीन त्याच्याबद्दल दुकानदार छातीवर हात ठेवून सांगायचा, “बोलेगा साब, पक्का बोलेगा.” एकदा मी चुकून कोपऱ्यातल्या सशाकडे बोट दाखवलं, तेव्हाही त्याचा हात छातीकडे निघालाच होता.

माय मात्र गप्प उभी होती. बैलबाजारात बाबा उभे राहायचे तशी, हात मागे बांधून. तिने आधी पिंजऱ्यांच्या खालचे ट्रे पाहिले. मग पाखरांचे पाय पाहिले. मग पदराची गाठ सोडली आणि त्यातून मूठभर धान काढलं. घरून निघतानाच तिने ते फडक्यातून काढून गाठीला मारलं होतं, आम्हाला पत्ताही नव्हता. ज्या पाखरांना गोंदियात सगळे लव्हबर्ड म्हणतात, त्या चिमुकल्या पोपटांच्या पिंजऱ्यात तिने चिमूटभर धान टाकलं. दुकानदार त्यांना कांगणी, म्हणजे बारीक राळा, घालायचा, त्यामुळे हे नवीन काय पडलं म्हणून सगळी पाखरं घाबरून वरच्या काडीवर चढली. एकच खाली उतरलं. हिरवट-पिवळं, शेपटीचं एक पीस मोडलेलं, सगळ्यांत बावळट दिसणारं. त्याने धानाचा एक दाणा चोचीत धरला, दोनदा फिरवला, टरफल खाली टाकलं आणि तांदूळ गिळला. मग दुसरा उचलला.

माय पहिल्यांदा हसली. “हा घ्या,” ती म्हणाली. “याले काम येते.”

दुकानदाराने सांगून पाहिलं की याचं शेपूट मोडकं आहे, शेजारचा निळा घ्या. मायने निळ्याकडे पाहिलंही नाही. मग तो म्हणाला, हे जोडीनेच राहतात, “अकेला नहीं रहेगा, माताजी.”

“मी राहून राहिली का नाही?” माय म्हणाली.

आम्ही सगळेच हसलो, दुकानदारही. तिने ते थट्टेत म्हटलं असं मी धरून चाललो, कारण तेच धरून चालणं सोयीचं होतं.

पिंजरा निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी घुमट असलेला, झोपाळा असलेला, दोन मजली पिंजरा घेतला. घरी आणून पाखरू त्यात सोडलं तर ते कुठे आहे हे शोधावं लागे. नाकापेक्षा मोती जड, बायको म्हणाली. दाण्यासाठी मी चांगली खोल स्टीलची वाटी बसवली, आणि पिंजरा खिडकीच्या वरच्या हुकाला उंच टांगला, म्हणजे मांजर पोचणार नाही. मांजर आमच्या घरात कधी आलेलं नाही. मायही तिथवर पोचत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. ती स्टूल ओढायला लागली की मी म्हणायचो, तू बस, मनगट जपायचंय, मी करतो. ‘तू बस, मी करतो’ हे त्या दिवसांत माझं आवडतं वाक्य होतं. ती भांड्यांना हात लावायला गेली की तू बस. झाडू घेतला की तू बस. प्लास्टर निघालं तरी तू बस.

पहिला आठवडा मजेत गेला. मी रोज दुकानात जाण्याआधी पिंजऱ्यासमोर उभा राहून त्याला “जय भीम” शिकवायचो. तो मान तिरकी करून ऐकायचा, अगदी लक्ष देऊन, आणि काही बोलायचा नाही. माय सकाळी तसबिरीपुढे वंदना म्हणायची, तेव्हाही तो गप्प असायचा. ती शेवटचं “साधु, साधु, साधु” म्हणून उठली की तीन-चारदा चिवचिवायचा. माय म्हणायची, तो साधु म्हणून राहिला, तुले ऐकू येत नाही. दुपारी ती त्याच्याशी काय बोलायची कोण जाणे. पण मी एकदा फोन केला तर मागे चिवचिवाट होता आणि तिचा आवाज जरा मोठा होता. त्या रविवारी तिने गाडीची वेळ विचारली नाही. मी बायकोकडे पाहून भुवई उडवली. पाखराने बाजी मारली असं आम्हाला वाटलं.

खाण्यापिण्याची व्यवस्था मी चोख ठेवली होती. मायचं घरचं धान आणि कांगणी एकत्र करून वाटी भरली. रोज सकाळी खालूनच टाच उंचावून बघायचो. वाटी भरलेली. वाटलं तर वरून चिमूटभर टाकायचो. पाखरू कमी खातं, गुणी आहे, असं मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही कौतुकाने सांगितलं.

मायचंही तसंच चाललं होतं. बायको सकाळी तिचं ताट वाढून झाकून जायची. संध्याकाळी ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. जेवलीस का विचारलं की माय म्हणायची, जेवली. तिची एकच तक्रार होती, चष्मा. मीच तिला हलकी, चांगली फ्रेम करून दिली होती, ती नाकावरून सारखी घसरायची. मी एकदा काड्या वाकवून स्क्रू आवळून दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा आवळून दिले, आणि कंपनीच्या मालाला नावं ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात पाखरू चिवचिवेनासं झालं. मी म्हटलं, हवा बदलली. मग ते पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहायला लागलं. मी म्हटलं, ध्यानाला बसलंय, मायची संगत. रविवारी सकाळी वंदना संपली, माय उठली, थोडा वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, आज साधु म्हटलं नाही त्यानं, पिंजरा खाली उतरव.

मी म्हणालो, तू बस, मी बघतो. वर चढून पाहिलं आणि सांगितलं की वाटी तर भरलेली आहे. “उतरव,” ती पुन्हा म्हणाली. लहानपणी धानाच्या बांधीत पाय वाजवत पाण्यातून पळायचो तेव्हा ती ज्या आवाजात बोलवायची, त्याच आवाजात. मी पिंजरा उतरवला.

तिने वाटी काढून तळहातावर घेतली. एकदा बोटाने चाचपली. मग तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. वाटीतलं सगळं उडालं आणि फरशीवर, माझ्या पायांवर, सोफ्यावर पसरलं. नुसती टरफलं. तळाशी मोजून पाच-सहा दाणे उरले.

“फोल होय हे, बाबू,” माय म्हणाली. “सारं फोल.”

पाखरू दाणा फोडून आतला खायचं आणि टरफल तिथेच वाटीत टाकायचं. वाटी कधी रिकामी होणार नव्हती. मी वरून टाकत होतो तेवढ्या चिमटीवर ते बिचारं जगत होतं. धानाच्या घरात जन्मलो, सुपाच्या आवाजाने झोपेतून उठलो, आणि मला फोल आणि दाणा कळला नाही. मला इतकी लाज वाटली की मी खाली बसून टरफलंच गोळा करायला लागलो.

माय उठली. तिने कांगणी कोमट पाण्यात भिजवली, ताटलीत पसरली आणि पाखराला उचलून ताटलीच्या कडेला ठेवलं. बराच वेळ ते नुसतं बसून होतं. मग त्याने एक दाणा उचलला. माय वाकून बघत होती. बघता बघता तिचा चष्मा नाकावरून सुटला आणि ताटलीत पडला. पाखरू दचकलं, पण खात राहिलं.

मी चष्मा उचलून पुसला. खिशातला बारीक पेचकस काढला आणि सवयीने स्क्रू आवळायला घेतला. स्क्रू पुढे फिरेना. आवळायला आता जागाच उरली नव्हती. मी पुन्हा जोर लावला, आणि मग हात थांबले. दोन महिन्यांपूर्वी हीच फ्रेम मी स्वतः तिच्या चेहऱ्याला बरोबर बसवून दिली होती. फ्रेम होती तेवढीच होती. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. गालाची हाडं वर आली होती, कानशिलं आत गेली होती. माझा धंदाच माणसांचे चेहरे बघायचा, आणि हा चेहरा मी दोनदा चष्मा बसवूनही पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी विचारलं, काल दुपारी काय जेवलीस. जेवली ना, ती म्हणाली. मी विचारलं, काय. ती फरशीवरचं फोल हाताने एकीकडे सारत राहिली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“शेजारच्या गाईले टाकतो मी भात,” माय म्हणाली. “एकटीच्या घशाखाली उतरत नाही बाबू. अन् भूक लागाले काही काम तं पायजे. तुमी तं मले हातच लावू देत नाही.”

मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. चूक माझी असली की माझा आवाज चढतो.

“तू इचारत होता, जेवली का. मी म्हणो, जेवली, अन् तू चालला जाय.”

बायको येऊन तिच्याशेजारी खाली बसली आणि दोघी टरफलं गोळा करायला लागल्या. त्या दुपारी स्वयंपाक मायने केला. मनगट अजून नीट वळत नव्हतं, भाकरी वाकड्या झाल्या, आणि मी तू बस म्हणालो नाही. आम्ही चौघं जेवलो. चौथा ताटलीच्या कडेला.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी दुकान तासभर बंद ठेवून घरी जेवायला जायला लागलो. गिऱ्हाईक कुरकुरलं, मग त्यालाही सवय झाली. पिंजरा मायच्या छातीच्या उंचीला उतरवला. रोज सकाळी ती वाटी खिडकीतून फुंकायची, आणि शेजारीण खालून हिंदीत काहीतरी ओरडायची, त्यावर माय मराठीत उत्तर द्यायची. पाखरू चारच दिवसांत पहिल्यासारखं किलबिलायला लागलं. बोललं मात्र नाही. दुकानदाराचा छातीवरचा हात मला अजून आठवतो.

आणि पुढच्या रविवारी मायने पुन्हा गाडीची वेळ विचारली. धान कापायला आलं होतं. आमची बांधी चुलत भाऊ करतो, तिला कापणीला आणि पेंढ्या रचून पुंजणे लागेपर्यंत तिथे असायचं होतं. मला नाही म्हणायचं होतं. पण मी खरी वेळ सांगितली, जी पूर्वीपासून होती तीच होती, आणि स्टेशनवर तिला बसवून आलो. जाताना तिने पिशवी सगळीच नेली. घरी आलो तर खुंटी रिकामी. पाखरू मात्र तिने ठेवलं. तुयापाशी ठेवून राहिली, रोज फुकत जाय, एवढं बजावून गेली.

रोज सकाळी मी वाटी फुंकायचो. वाऱ्याची दिशा बघायची असते हे मला दोन दिवस डोळ्यांत गेल्यावर कळलं. संध्याकाळी फोन केला की ती आधी पाखराचं विचारायची, मग मी तिला विचारायचो. जेवली, ती म्हणायची. काय जेवली, मी विचारायचो. पहिल्या दिवशी फोनवर तिचं हसू आलं.

“मलेबी फुकून पाहून राहिला का रे?”

हो म्हटलं. मग तिने सांगितलं: भात, तुरीचं वरण, आणि बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, झिंग्याची भाजी चुलत सुनेने आणून दिलेली. दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आधीच यादी आली. दिवसभर बायांसोबत बांधीवर बसते, पेंढ्या मोजते, ओरडते, असं चुलत भावाने वेगळं सांगितलं. ती परत येईल का, हे विचारायचं धाडस मला रोज फोन ठेवताना व्हायचं आणि फोन ठेवल्यावर जायचं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी तिचा फोन आला की ती गाडीत बसली आहे. मी स्टेशनवर गेलो. एका हातात तीच कापडी पिशवी, दुसऱ्या हातात नव्या धानाच्या लोंबांचे दोन जुडगे. गावी घरोघरी दाराला चिमण्यांसाठी लोंब बांधतात, तसा एक तिने आल्या आल्या आमच्या दाराला बांधला. दुसरा पिंजऱ्यात. पाखरू झोपाळ्यावरून खाली उतरलं आणि पाहुण्याकडे न बघता कामाला लागलं. मग तिने पिशवी पुन्हा खुंटीलाच टांगली. कपाटात नाही. ती जाईल आणि येईल, हे मला आता चालण्यासारखं होतं.

हातपाय धुऊन ती माझ्यासमोर येऊन बसली आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कानांमागे लाल वळ उठले होते.

“लय रुतून राहिला बाबू,” ती म्हणाली. “ढिला कर.”

मी पेचकस काढला. स्क्रू दोन आटे मागे घ्यायचा होता, क्षणाचं काम. मला दिसेना नीट, म्हणून जरा वेळ लागला.